जामीन कोण राहणार?

चुकलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे आणि प्रत्येक गावापुढे कधी ना कधी येतो. आम्हां ख्रिस्ती लोकांपुढे तो दर आठवड्याला येतो. देवाने आपल्याला फुकट क्षमा केली, असं रविवारी उपासनेत आम्ही एका सुरात म्हणतो आणि सोमवारी बाजारात एखादा बदनाम झालेला भाऊ समोरून आला, की रस्ता ओलांडतो. रविवार आणि सोमवार यांच्यामधलं हे अंतर कसं कमी करायचं, याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे.

मी नगरची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात नगरच बसलेलं आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि काही वर्षं आमच्या मंडळीच्या पंचांत बसते. मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारा आमचा समाज आणि पंच म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीने तिचा कारभार पाहणारी माणसं. जमाखर्च, गळणारं छप्पर, नाताळचा कार्यक्रम हे विषय आमच्यापुढे येतात, तशी माणसंही येतात. अमका दारू पितो, तमकीचं सासरी पटत नाही, कुणाच्या मुलाने उसने पैसे बुडवले. अशा वेळी बैठकीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच निघतो : कारवाई काय करायची?

कारवाई म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि द्राक्षरसाचा प्याला दिला. त्याची आठवण म्हणून आम्ही प्रभुभोजन घेतो. एखाद्याला त्या भोजनापासून दूर ठेवणं ही मंडळीची जुनी शिक्षा. ती आज फारशी कुणी जाहीरपणे देत नाही. तिची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे. संदेशात, म्हणजे उपासनेतल्या प्रवचनात, नाव न घेता रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळेल असं बोलायचं. प्रार्थनेचा विषय म्हणून एखाद्याची भानगड घरोघर पोचवायची. सलाम केला तर उत्तर द्यायचं, पण थांबायचं नाही.

एका मंडळीत घडलेलं सांगते. एका मुलीने घरात न विचारता लग्न केलं. पुढच्या रविवारी संदेशाचा विषय आज्ञाभंग हा होता. नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. मुलगी तर त्या दिवशी आलीच नव्हती. तिची आई होती. त्यानंतर ती बाई दर रविवारी शेवटच्या बाकावर बसू लागली आणि शेवटचं गीत सुरू होताच निघून जाऊ लागली. मुलगी सुखात आहे की नाही, तिला माहेरच्या आधाराची गरज आहे का, हे विचारायला कुणी गेलं नाही. संदेश देणाऱ्याला आपण पवित्रता राखली असं वाटलं असेल. प्रत्यक्षात एक घर तुटलं आणि बाकीच्या सगळ्या मुलींना एवढंच कळलं, की अडचणीत सापडलो तर इथे यायचं नाही.

आमच्या पवित्र शास्त्रात एक माणूस आहे, त्याच्याविषयी आम्ही फार कमी बोलतो. पेत्र आणि पौल यांच्या नावांनी चर्चं आहेत, मुलांची नावं आहेत. बर्णबाचं नाव क्वचितच ऐकू येतं. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो पहिल्यांदा भेटतो तो आपलं शेत विकून आलेले पैसे गोरगरिबांसाठी प्रेषितांच्या पायांशी ठेवताना. मूळ नाव योसेफ, कुप्र बेटावरचा, लेवी वंशातला. माणसांना धीर देण्याच्या त्याच्या स्वभावावरून प्रेषितांनीच त्याला बर्णबा म्हणायला सुरुवात केली.

त्याची खरी ओळख पटते ती शौलाच्या प्रकरणात. शौल हा धर्माभिमानी तरुण. येशूच्या अनुयायांच्या घरांत शिरून पुरुषांना आणि बायकांना ओढून काढायचा आणि तुरुंगात टाकायचा. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडांनी ठार मारलं, तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं याच शौलाच्या पायांशी ठेवली होती. पुढे दिमिष्काच्या वाटेवर त्याला येशूचं दर्शन झालं आणि तो पालटला. पण यरुशलेमेत येऊन तो शिष्यांत मिसळायला लागला, तेव्हा सगळे घाबरून दूर सरले. त्यांना दोष देता येत नाही. ज्याने आपल्या भावाबहिणींना साखळदंडांत घातलं, तो आज हात जोडून आला म्हणून कोण विश्वास ठेवील? हेरगिरीसाठी आला असेल तर?

बर्णबाने त्याला बरोबर घेतलं, प्रेषितांकडे नेलं आणि याच्या बाबतीत काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एवढंच. कोर्टात एखाद्याला जामीन राहतात, तसा तो उभा राहिला. शौल खोटा निघाला असता, तर लोकांनी बर्णबाला विचारलं असतं. आपलं शेत त्याने आधीच दिलेलं होतं. आता त्याने आपली पतही दिली.

मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. ख्रिस्ती जीवनात उत्तेजन देणं म्हणजे गोड बोलणं, पाठीवर हात फिरवणं, 'देव सगळं ठीक करील' असं म्हणून पुढे निघणं, असा समज आहे. ते सोपं आहे, कारण त्यात आपलं काही जात नाही. दोष देण्यातही आपलं काही जात नाही. खरं उत्तेजन देणाऱ्याचं काहीतरी पणाला लागतं. म्हणूनच ते इतकं दुर्मीळ आहे.

बर्णबा पुढेही तसाच वागत राहिला. अंत्युखिया शहरात यहूदी नसलेले लोक येशूवर विश्वास ठेवू लागल्याची बातमी आली, तेव्हा यरुशलेमेच्या मंडळीने त्याला पाहणीसाठी पाठवलं. तपासणीला गेलेला माणूस सहसा चुका शोधतो. बर्णबाने तिथे देवाची कृपा पाहिली, त्याला आनंद झाला आणि त्याने त्या नव्या लोकांना टिकून राहायला सांगितलं. मग तो तार्सला गेला आणि शौलाला शोधून अंत्युखियास घेऊन आला. दोघांनी वर्षभर तिथे शिकवलं. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा मिळालं ते याच शहरात. नंतर दोघे येशूचा संदेश सांगत गावोगाव फिरले. त्या प्रवासांच्या वर्णनात एक बदल दिसतो. सुरुवातीला 'बर्णबा आणि शौल' असं येतं, पुढे बहुतेक ठिकाणी 'पौल आणि बर्णबा'. पौल हे शौलाचंच दुसरं नाव. ज्याला हाताला धरून आणलं, तो पुढे गेला आणि आणणारा मागे राहिला. याबद्दल बर्णबाने तक्रार केल्याची एक ओळही नाही.

मग त्याचं आणि पौलाचं कडाक्याचं भांडण झालं. कारण होतं योहान मार्क. हा बर्णबाचा भाऊबंद, वयाने लहान. पहिल्या प्रवासात तो त्यांच्याबरोबर निघाला होता, पण पंफुलियातल्या पिर्गा गावी त्यांना सोडून घरी परतला. का परतला, ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या प्रवासाची वेळ आली तेव्हा बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ. पौल म्हणाला, अर्ध्यात टाकून जाणारा नको. पौलाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वाटेत दरोडेखोर होते, फटके होते, तुरुंग होता आणि अशा वाटेवर सोबती भरवशाचा लागतो. पौल कामाकडे पाहत होता, बर्णबा माणसाकडे. शेवटी पौल सीला नावाच्या सोबत्याला घेऊन एकीकडे गेला आणि बर्णबा मार्कला घेऊन गलबतात बसून कुप्रला गेला. 'प्रेषितांच्या कृत्यां'त त्यानंतर बर्णबा दिसत नाही. पुस्तक पौलाच्या मागे जातं.

पण मार्कची गोष्ट तिथे संपली नाही. तुरुंगातून आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. कलस्सैच्या मंडळीलाही, मार्क आला तर त्याला जवळ करा, असं कळवलेलं आहे. चार शुभवर्तमानांपैकी एक मंडळीच्या परंपरेने याच मार्कच्या नावावर आहे आणि चारांत सगळ्यांत आधी तेच लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पिर्ग्याहून पळालेल्या पोराला कुणी दुसरी संधी दिली नसती, तर येशूची गोष्ट आपल्यापर्यंत आज आली तशी आली नसती.

मग चूक दिसली तर बोलायचंच नाही का, असं पंचांत मला नेहमी विचारतात. बोलायचं. कसं, ते येशूने पायरीपायरीने सांगून ठेवलं आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तो म्हणतो त्याचा आशय असा : भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोला. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही ऐकलं, तरच मंडळीपुढे न्या. आम्ही हा क्रम उलटा करतो. आधी मंडळीला कळतं, मग एकदोघांत चर्चा होते आणि एकट्याने जायची पाळी कुणावरच येत नाही. याच उताऱ्याच्या शेवटी, ऐकलंच नाही तर त्याला परक्यासारखा आणि जकातदारासारखा समजा, असं आहे. हा भाग आमच्याकडे फार आवडीने वाचतात. पण येशू जकातदारांशी कसा वागला? मत्तयाला त्याने नाक्यावरून उठवून शिष्य केलं. जक्कयाला झाडावरून खाली बोलावलं आणि त्याच्याच घरी उतरला. त्याने आधी पाहुणचार घेतला. लुबाडलेलं चौपट परत करायची गोष्ट जक्कय त्यानंतर आपण होऊन बोलला.

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल एका माणसाविषयी लिहितो, की बहुतेकांनी त्याला दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर अति दुःखात तो बुडून जाईल. मार्कच्या बाबतीत हट्टाला पेटलेला पौल तो हाच. शिक्षेला शेवट असायला हवा आणि तो शेवट मंडळीनेच उघडपणे करायला हवा, हे त्याला कळलं होतं. आमच्या मंडळ्यांत शिक्षा कधी सुरू झाली ते सगळ्यांना ठाऊक असतं. ती संपली कधी, हे कुणी सांगत नाही.

आपल्या मातीत याचा अर्थ जगून दाखवला तो पंडिता रमाबाईंनी. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले आणि पुढच्या वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. या भगिनींचं लंडनमधल्या फुलहॅम भागात एक घर होतं. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा मिळायचा. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत त्याविषयी लिहून ठेवलं आहे. अशा बायकांना कुणी जवळ करतं, त्यांच्यासाठी कष्ट घेतं, हे त्यांनी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं. हिंदू शास्त्रांत त्या वाढल्या होत्या आणि त्या शास्त्रांत या बायकांसाठी फक्त शिक्षा होती. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट अशी. भर दुपारी एक बाई विहिरीवर येते. तिचे पाच नवरे झालेले आणि आता ती ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. तिथे बसलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक आहे आणि पुढे तो ते बोलूनही दाखवतो. पण सुरुवात तो काहीतरी मागून करतो. ज्या बाईकडून गावातलं कुणी काही घेत नसेल, तिच्या हातचं पाणी तो मागतो. तीच बाई पुढे सगळ्या गावाला त्याच्याकडे घेऊन येते.

इंग्लंडमध्ये रमाबाईंनी दुसरी बाजूही अनुभवली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्यावर रमाबाईंची माया होती आणि रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणायच्या. पण रमाबाई धर्मसिद्धांतांवर प्रश्न विचारू लागल्या, तशी आजीबाईंच्या पत्रांतून गर्वाचे आणि हट्टीपणाचे ठपके येऊ लागले. रमाबाईंनी ताठपणे उत्तरं दिली. एका पुरोहितशाहीचं जू उतरवून आले ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा सूर होता. त्याच काळात त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या. तिथल्या प्रमुख डॉरोथिया बील यांनी रमाबाईंचे हेच प्रश्न वेगळ्या रीतीने घेतले. त्यांनी शंकेला पाप मानलं नाही, विचार मानला आणि बरोबरीच्या नात्याने धीराने उत्तरं लिहिली. सिस्टर जेराल्डिन यांनी ही सगळी पत्रं प्रेमाने जपली, त्यांतलं आपलं कठोर बोलणंही ठेवलं, म्हणून १९७७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि आपल्याला वाचता येतात. दोघींनाही रमाबाई श्रद्धेत टिकाव्यात असंच वाटत होतं. एकीच्या पत्राला रमाबाई स्वतःचा बचाव लिहीत बसल्या, तर दुसरीच्या पत्राने त्यांना पुढचा प्रश्न विचारायचं बळ दिलं. दोष दिला की माणूस स्वतःला वाचवण्यात गुंततो. धीर दिला की स्वतःला तपासू लागतो.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी मुली आणि बायका वाचवून आणल्या. त्यातून दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. आमच्या नगरलाही एक केडगाव आहे, पण हे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. तिथे रमाबाईंनी फसवल्या गेलेल्या, घराने आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन काढलं. फुलहॅमला पेरलेलं केडगावला उगवलं.

शाळेच्या मुलींना घेऊन मी तिथे गेले आहे आणि मुलींना आवर्जून सांगितलं आहे, की या जागी बायकांना फक्त निवारा मिळाला नाही, तर काम मिळालं. विणकाम, शेती, शिकवणं, छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद केला, तो मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. मुक्तीतल्या बायका खिळे जुळवत होत्या, छापत होत्या, बांधणी करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. ज्यांना जगाने निरुपयोगी ठरवलं, त्यांच्या हाती रमाबाईंनी आपल्या आयुष्याचं सगळ्यांत मोलाचं काम दिलं. जामीन राहणं म्हणतात ते हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तिच्यावरून फार नुकसान होतं. धीर देण्याच्या नावाखाली अन्याय झाकायचा नाही. नवरा मारतो म्हणून एखादी ताई पंचांकडे येते आणि तिला सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगून परत पाठवतात. हे उत्तेजन नव्हे, ही मारणाऱ्याला दिलेली मुभा आहे. ज्याला जखम झाली त्याच्या बाजूने आधी उभं राहायचं. त्या ताईला सुरक्षित जागा हवी. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्यासाठी आहे हे तिला सांगायला हवं आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्याबरोबर कुणीतरी जायला हवं. नवऱ्याशीही बोलायचं, पण त्याच्या हातून तिला धोका उरला नाही याची खात्री करून आणि त्याने केलेल्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारून. व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूने दोषी ठरवलं नाही आणि जाताना पाप सोडायलाही सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात. पण त्याआधी तिला दगडमार करायला निघालेले एकेक करून निघून गेले होते.

माझी आजी राहुरी तालुक्यात बायबलबाई होती. गावोगाव पायी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, बाळंतपणात धावून जायची, आजारपणात उशाशी बसायची. कुणाच्या घरी वाईट बातमी आहे असं कळलं, की ती दुसऱ्या कुणाकडे त्याची चौकशी न करता थेट त्याच घरी जायची. जाताना पदराखाली भाकरी असायच्या. बोलणं दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत व्हायचं. लहानपणी मला हे साधं वाटायचं. पंचांत बसू लागल्यावर कळलं, की मत्तयाचा अठरावा अध्याय मी तिच्याबरोबर चालत शिकले होते.

आमच्या पंचांत आता एक पद्धत पडते आहे. कुणाचंही नाव निघालं, की आधी विचारायचं : भेटून कोण आलं? कुणीच गेलेलं नसेल, तर त्या दिवशी विषय पुढे घ्यायचा नाही. आमच्याकडे उपासनेत पेटी वाजवणारा एक भाऊ दारूत पार बुडाला होता. आधी एक जण भेटला, मग दोघे गेले. व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर आमच्यातला एक जण बसून राहिला. परत आल्यावर पेटी पुन्हा त्याच्याकडे द्यायची की नाही, यावरून बराच वाद झाला. शेवटी एका वयस्क पंचांनी सांगितलं, की तो रविवारी आला नाही तर मला विचारा. त्या भावाचं पाऊल मधे पुन्हा घसरलं. तेव्हा खरंच त्या पंचांना विचारलं गेलं आणि ते पुन्हा त्याच्या दारात गेले. आज तो पेटीवर बसतो आणि 'उपासना-संगीता'तली जुनी गीतं मुलांना शिकवतो. त्याची लढाई संपली असं मी म्हणणार नाही. तो एकटा लढत नाही, एवढं ठामपणे सांगते.

हे ख्रिस्ती मंडळीपुरतंच आहे असं मला वाटत नाही. शाळेत नापास झालेला मुलगा, सोसायटीत चोरीचा आळ आलेली कामवाली, तुरुंगातून सुटून गावात आलेला तरुण, यांच्याबद्दलही बैठका होतात, ठराव होतात. तुम्ही अशा बैठकीत असाल आणि कुणाचं नाव निघालं, तर ठरावाला हात वर करण्याआधी उठून विचारा : या माणसाला जामीन कोण राहणार? आणि कुणीच पुढे आलं नाही, तर तुम्ही व्हा.